मुरमांचे खड्डे आणि लेसर: गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यासाठी अगदी सुरुवातीपासून

“लेसरच्या सिटिंग किती लागतील आणि खर्च किती येईल?” हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये रोज फोनवर विचारला जातो. चेहरा न पाहता जिथे त्याचं पक्कं उत्तर मिळतं, तिथे जाऊ नये. मुरमांनी पडलेले खड्डे तीन-चार तऱ्हेचे असतात. काहींवर लेसर छान चालतं, काहींवर जेमतेम, काहींवर अजिबात नाही. शिवाय आपल्या रंगाच्या त्वचेत खड्डा उथळ करणं तुलनेने सोपं, त्या जागी काळा डाग पडू न देणं अवघड. खाली सांगितलेली बहुतेक पथ्यं त्या डागासाठीच आहेत.

पहिलं काम: टॉर्च आणि आरसा

रात्री खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च कानाजवळ धरून झोत गालावरून नाकाकडे जाऊ द्या. समोरून उजेड टाकला की खड्डे दिसेनासे होतात, बाजूच्या उजेडात मात्र प्रत्येकाची सावली पडते. आता नीट बघा.

जिथे डाग आहे पण सावली नाही, तो खड्डा नव्हे. मुरूम बसल्यावर मागे राहिलेला तांबूस किंवा तपकिरी रंग आहे तो. काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो, सनस्क्रीन आणि ॲझेलाइक ॲसिडसारख्या क्रीमने लवकर होतो. अशा डागांवर कोणी खड्ड्यांचं लेसर सुचवलं तर उठून या. त्याने डाग आणखी काळे पडू शकतात.

टाचणी टोचल्यासारखं छिद्र, तोंड २ मिलिमीटरपेक्षा अरुंद आणि तळ दिसतच नाही, तो आइस पिक. कांजिण्यांच्या व्रणासारखा गोल, कडा उभ्या, तळ सपाट, रुंदी साधारण १.५ ते ४ मिलिमीटर, तो बॉक्सकार. आणि कडा कुठे सुरू होते तेच कळत नाही, नुसती रुंद लाटांसारखी उंचसखल त्वचा, तो रोलिंग. रोलिंगची गंमत खालच्या थरात आहे. गादीला टाके घातले की तिथे खळगा पडतो, तशी इथली त्वचा आतल्या तंतूंनी खाली ओढून धरलेली असते. टाका तसाच ठेवून वरून कितीही लेसर मारलं तरी खळगा पुरता वर येत नाही.

आता दोन बोटांनी गाल हलकेच ताणा. ताणल्यावर जे खड्डे सपाट होतात ते मध्यम. ताणूनही जसेच्या तसे राहतात ते तीव्र. डॉक्टर प्रतवारीसाठी गुडमन आणि बॅरन यांची चार पायऱ्यांची पद्धत वापरतात, तिच्यात ही ताणण्याची खूण आहे आणि ५० सेंटिमीटरवरून खड्डे दिसतात का, हेही पाहिलं जातं. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळलेले निघतात, त्यामुळे एकाच उपचाराने भागत नाही.

जबड्याच्या कडेला, छातीवर, खांद्यांवर खड्ड्याऐवजी टणक उंचवटे असतील तर ते हायपरट्रॉफिक व्रण (जखमेपुरतेच फुगलेले) किंवा केलॉइड (जखमेबाहेरही वाढलेले). त्यांना बहुधा ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं लागतात, त्यांचा मार्गच वेगळा आहे.

कोणत्या खड्ड्याला काय

आइस पिकवर फ्रॅक्शनल लेसर, म्हणजे बारीक ठिपक्यांत भाजणारं लेसर, कमी पडतं, कारण ते छिद्र लेसरच्या पोचेपेक्षा खोल असतं. तिथे ‘क्रॉस’ पद्धत बरी. ५० ते १०० टक्के तीव्रतेचं ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड बारीक टोकाने नेमकं त्या छिद्रात टेकवतात, क्षणात ते पांढरं होतं आणि पुढच्या आठवड्यांत आतून भरू लागतं. हे ॲसिड ऑनलाइन मिळतं म्हणून घरी करू नका. थेंब बाजूला पसरला तर छिद्राचा खड्डा होतो.

रोलिंगला आधी सबसिजन. त्वचेखाली सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) घालून ते ओढणारे तंतू तोडायचे. आठवडा-दोन आठवडे निळे-काळे वळ राहतात. बॉक्सकार, विशेषतः उथळ, हे मात्र लेसरचं हक्काचं क्षेत्र. खोल आणि मोजके बॉक्सकार असतील तर पंचने, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्याराने, कापून टाका घालणं किंवा तळ वर उचलणं जास्त सरळ पडतं.

क्रम साधारण असा: आधी सबसिजन आणि क्रॉस, नंतर लेसर. लेसर शेवटी फिरतं, कारण त्याचं काम पृष्ठभाग एकसारखा करण्याचं. पहिल्याच भेटीत थेट लेसरचं पॅकेज पुढे आलं आणि ‘क्रॉस’ किंवा ‘सबसिजन’ हे शब्द एकदाही निघाले नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

यंत्रं: नावं कळली की फसगत टळते

फ्रॅक्शनल सीओटू हे सर्वांत परिचित. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि ती त्वचेतल्या पाण्यात शोषली जाते. हा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बनवला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. तेव्हा त्याचा चेहऱ्याशी काही संबंध नव्हता. पुढे त्याने अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर जाळण्याची पद्धत आली. गोऱ्या त्वचेवर तिचे परिणाम चांगले आले, पण सावळ्या त्वचेवर महिनोन् महिने टिकणारे डाग पडू लागले.

मार्ग निघाला २००४ साली. बोस्टनच्या संशोधकांनी सगळी त्वचा भाजण्याऐवजी अतिशय बारीक ठिपक्यांचे स्तंभ तेवढे भाजायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची, अशी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. शाबूत त्वचेतल्या पेशी सरकून ठिपके झाकतात आणि खालच्या थरात नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, तयार होत राहतं. हे काम सिटिंग संपल्यावरही तीन ते सहा महिने चालू असतं.

यात दोन आकडे महत्त्वाचे. ऊर्जा ठरवते ठिपका किती खोल जाईल ते, आणि डेन्सिटी ठरवते किती टक्के त्वचा भाजली जाईल ते. त्वचेच्या रंगाची जी सहा गटांची फिट्झपॅट्रिक मोजणी आहे, तिच्यात आपण बहुतेक जण तिसऱ्या ते पाचव्या गटात येतो. अशा त्वचेत डागाचा धोका खोलीपेक्षा डेन्सिटीने जास्त वाढतो. म्हणून डेन्सिटी कमी, सिटिंगमधलं अंतर जास्त आणि सिटिंग एखाद-दोन जादा, हाच सुज्ञ हिशोब. “एकाच सिटिंगमध्ये जोरात करून टाकू” हे वाक्य सावळ्या चेहऱ्याला परवडत नाही.

एर्बियम-याग (२९४० नॅनोमीटर) पाण्यात आणखी जोरात शोषलं जातं, त्यामुळे आजूबाजूला उष्णता कमी पसरते. एर्बियम-ग्लास (१५४० किंवा १५५०) वरचा थर उडवत नाही. त्यात खपली फारशी येत नाही, पण सिटिंग वाढतात. मायक्रोनीडलिंग आरएफ हे लेसरच नव्हे, सुयांमधून खालच्या थराला रेडिओलहरींची उष्णता देणारं यंत्र आहे. गडद त्वचेत डागाचा धोका त्यात कमी असल्यामुळे बरेच डॉक्टर त्यापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच.

‘कार्बन फेशियल’ किंवा ‘लेसर टोनिंग’ मात्र खड्ड्यांसाठी नाही. चेहऱ्यावर काळी पेस्ट लावून क्यू-स्विच लेसर मारतात, चेहरा दोन दिवस तुकतुकीत दिसतो, खड्डे आहेत तिथेच राहतात.

कोणी थांबायचं

नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणा, नाहीतर एकीकडे खड्डे बुजवायचे आणि दुसरीकडे नवे पडायचे. तीव्र मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी बंद केल्यावर सहा महिने थांबायचं हा जुना दंडक. फ्रॅक्शनल पद्धतींसाठी तो आता बराच सैल झाला आहे, तरी किती मिलिग्रॅम आणि शेवटची गोळी कधी, हे डॉक्टरांना अचूक सांगा. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर तेही सांगा, त्याने ऊन बाधतं.

गरोदरपण आणि अंगावर पाजण्याचा काळ यांत हे उपचार पुढे ढकलतात. कोड किंवा सोरायसिस असेल तर लेसरच्या जखमेच्या जागी तोच आजार उमटू शकतो. पूर्वी कुठे केलॉइड झालं असेल, मधुमेह ताब्यात नसेल, ओठांवर वरचेवर नागिणीसारखे फोड येत असतील, तर पहिल्या भेटीतच बोला. फोड येणाऱ्यांना ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी आदल्या दिवसापासून सुरू करतात.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण लपवतात: गोरं होण्याची क्रीम. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. वर्षभर ते लावलेली त्वचा पातळ आणि लालबुंद होते, केशवाहिन्या दिसायला लागतात. अशा त्वचेवर लेसर म्हणजे धोका, आधी तिला सावरायला काही महिने द्यावे लागतात. ट्यूब सोबत न्या, लाजू नका.

डॉक्टर, तारीख, पैसे

पाटीवर ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ लिहिलेलं पुरेसं नाही. त्वचाविकारातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल ही पदवी-पदविका पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव तपासा. हँडपीस (लेसर यंत्राचा हातात धरायचा भाग) प्रत्यक्ष कोण धरणार हे स्पष्ट विचारा. कन्सल्टेशन डॉक्टरांचं आणि लेसर मदतनिसाच्या हातचं, असं कित्येक ठिकाणी चालतं.

कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोटा टेस्ट पॅच करून चार आठवडे वाट पाहायची तयारी असेल ते क्लिनिक चांगलं. घाई तुमची असते, त्यांची असू नये. दर ठरवताना सबसिजन, क्रॉस, बधिर करणारी क्रीम आणि नंतरच्या तपासण्या धरल्या आहेत का, हे कागदावर घ्या. सहा सिटिंगचे पैसे एकदम भरू नका. दोन सिटिंगनंतर उपचार बदलायची वेळ येऊ शकते. सौंदर्योपचार म्हणून आरोग्यविमा याचे पैसे देत नाही. खर्च झेपत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्वचा विभागात चौकशी करा. काही ठिकाणी फ्रॅक्शनल सीओटू असतं आणि दर खूपच कमी.

तारीख ठरवताना पंचांगाआधी ऊन बघा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीट टाळा. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरण येतच असतात, तरी फिरणं कमी होत असल्याने काहींना तो काळ सोयीचा जातो. पुढच्या दोन आठवड्यांत रंगपंचमी, हळद, ट्रेक किंवा पोहण्याचे वर्ग असतील तर तारीख हलवा. स्वतःचं लग्न असेल तर शेवटची सिटिंग निदान तीन महिने आधी. डाग पडलाच तर तो उतरायला तेवढा वेळ लागतो.

आधीचे चार आठवडे

सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, रोज. काही डॉक्टर ट्रेटिनॉइन किंवा हायड्रोक्विनोनची क्रीम देऊन त्वचा तयार करतात. ती किती दिवस आधी थांबवायची ते विचारून ठेवा, साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. दोन आठवडे ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, फेशियल बंद. पुरुषांनी आदल्या संध्याकाळी स्वच्छ दाढी करावी, खुंट राहिले तर ते जळतात आणि त्वचेला चटका बसतो.

त्या दिवशी पोटभर खाऊन, मेकअप आणि तेलाशिवाय जा. शर्ट किंवा कुर्ता पुढून बटणांचा घाला. गळ्यातून काढायचा टी-शर्ट संध्याकाळी भाजलेल्या गालांवरून ओढावा लागतो, ते कोणालाच नको असतं. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा आणि परत येताना भर दुपारी दुचाकी नको.

सिटिंग

आधी फोटो: समोरून आणि दोन्ही बाजूंनी, एकाच उजेडात. मग चेहरा धुऊन लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीम जाड थरात लावून वर क्लिंग फिल्म, ४५ ते ६० मिनिटं. ही क्रीम घरून लावून येऊ नका. मोठ्या भागावर, जास्त वेळ राहिली तर औषध रक्तात उतरतं. ओठ-जीभ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, चक्कर यांपैकी काहीही वाटलं तर ताबडतोब सांगा.

क्रीम पूर्ण पुसून चेहरा कोरडा करतात. स्पिरिट वापरलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबलं पाहिजे, कारण लेसरने ते पेट घेऊ शकतं. डोळ्यांवर शील्ड हवंच, नुसता कापूस चालणार नाही. मग हँडपीस चौकोन-चौकोन करत पुढे सरकतं, रबर टचकन लागल्यासारखं वाटतं, जळका वास येतो. तो धूर ओढून घेणारी नळी शेजारी असावी. प्रत्यक्ष काम १५-२० मिनिटांत आटोपतं.

चुका बहुधा इथेच होतात. चौकोन एकमेकांवर चढले किंवा एका जागी लागोपाठ पल्स (लेसरचे झटके) पडले की उष्णता साठते, मधली शाबूत त्वचाही भाजते आणि पुढे जाळीसारखी नक्षी किंवा पांढरे ठिपके राहतात. जबड्याखाली आणि मानेवर हा धोका दुप्पट लक्षात ठेवावा, कारण तिथे जखम भरून काढणाऱ्या तैलग्रंथी कमी आहेत. निघताना यंत्राचं नाव, ऊर्जा, डेन्सिटी आणि किती पास मारले (हँडपीस त्याच भागावरून किती वेळा फिरवलं), हे कार्डावर लिहून घ्या. शहर किंवा डॉक्टर बदलले तरी पुढचा हिशोब या चार नोंदींवरून लागतो.

पहिले दहा दिवस

पहिले काही तास चेहरा तिखट लागल्यासारखा पेटतो. सलाइनमध्ये भिजवून फ्रीजमध्ये गार केलेली गॉजची घडी ठेवा. बर्फ थेट लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली सूज जास्तीत जास्त असते, म्हणून रात्री दोन उशा घ्या. तिसऱ्या दिवसापासून जवळून पाहिलं तर गालावर ओळीत मांडलेले बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. ही खपली पाच ते सात दिवसांत, कधी दहा दिवसांत, आपली आपण गळते. नखाने काढली तर त्या ठिपक्याचा डाग नक्की समजा.

दिवसातून दोनदा गार पाण्याने आणि सौम्य क्लिन्झरने धुवा, मऊ कापडाने टिपा, पुसू नका. त्यावर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिवसातून तीन-चार वेळा, त्वचा कोरडी पडू न देण्याइतपत. थापली तर दुसऱ्या आठवड्यात बारीक पांढऱ्या पुळ्या येतात. घरातली निओमायसिनची ट्यूब लावू नका, ॲलर्जी उठली तर ती जंतुसंसर्गासारखीच दिसते आणि गोंधळ होतो. हळद, कुंडीतली कोरफड, लिंबू, बेसन, मुलतानी माती यांतलं काहीही उघड्या त्वचेवर नको. आजी कितीही आग्रह करो.

उष्णता हा उन्हाइतकाच मोठा शत्रू. गॅससमोर वाकून भाकऱ्या थापणं, इस्त्री, वाफारा, जिम हे चार-पाच दिवस दुसऱ्यावर सोपवा किंवा सोडा. फुलफेस हेल्मेटचं पॅडिंग गालाला घासतं, त्यामुळे खपली गळेपर्यंत रिक्षा किंवा बस बरी. खपली आहे तोवर ऊन टाळा, टोपी आणि छत्री वापरा. ती गळली की झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सुरू. पोहणं दोन आठवड्यांनी.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पिवळा स्राव आला, ताप भरला किंवा जळजळणाऱ्या फोडांचा पुंजका दिसला, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी जाऊन दाखवा.

पुढचे महिने

चेहरा गुलाबी होऊन छान वाटायला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांनी कुठेतरी तपकिरी छटा चढते. सावळ्या त्वचेत हे वरचेवर होतं, घाबरू नका. पण ती छटा असताना पुढची सिटिंग घेऊ नका. आधी ती क्रीमने उतरवायची, मग पुढे. सिटिंगमधलं अंतर सहा ते आठ आठवडे ठेवा.

सनस्क्रीन कमी लावणं ही इथली सर्वांत मोठी चूक. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीच्या दोन पट्ट्या, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. डाग चटकन पडणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्यावं, दृश्य प्रकाशानेही रंग चढतो आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

एकूण सिटिंग बहुधा तीन ते सहा. प्रत्येक वेळी त्याच खिडकीशी, बाजूच्या उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. अंतिम हिशोब शेवटच्या सिटिंगनंतर निदान तीन महिन्यांनी करायचा. खड्डे उथळ होतात, कडा बोथट होतात, बाजूच्या उजेडातली सावली फिकी पडते. निम्म्याच्या आसपास सुधारणा झाली तर उपचार यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही. कोरी त्वचा परत येत नाही आणि शंभर टक्क्यांचं आश्वासन देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

ओळीने दोन सिटिंगच्या फोटोंत काहीच फरक नसेल तर तिसरी घेण्याऐवजी टॉर्च पुन्हा काढा आणि उरलेत ते कोणत्या जातीचे ते बघा. उरलेली छिद्रं असतील तर क्रॉस, ओढलेले खळगे असतील तर पुन्हा सबसिजन किंवा फिलर (खळगा भरून काढणारं इंजेक्शन), मोजके खोल बॉक्सकार असतील तर पंच. यंत्र जास्त महागडं घेऊन हा प्रश्न सुटत नाही.